न्यूट्रल सुटला आणि ज्यांच्या घरी एकच दिवा चालू होता त्यांचेच टीव्ही जळाले

सांजवात

नमस्कार. गेल्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या इमारतीत जे घडले त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही, म्हणून हा धागा काढत आहे. जाणकारांनी कृपया दहावीपर्यंतचे विज्ञान शिकलेल्या आणि त्यातलेही निम्मे विसरलेल्या माणसाला समजेल अशा बेताने लिहावे.

आमची इमारत बारा सदनिकांची आहे. जिन्याखाली मीटरचे पॅनेल आहे आणि तिथून प्रत्येक घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा वर जातात. पावणेसातच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातला दिवा अचानक डोळे दिपावेत इतका प्रखर झाला, पंख्याचा आवाज चढला आणि मी उठेपर्यंत टीव्हीच्या मागून फट्ट असा आवाज येऊन जळक्याचा वास सुटला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. समोरच्या काकूंकडे मात्र नेमके उलटे चालले होते. त्यांची ट्यूब विझली होती, पंखा रांगत होता आणि अर्धा तास गीझर लावूनही पाणी गार होते. इमारतीत एकूण चार टीव्ही, दोन फ्रीज आणि एक वाय-फायचा राउटर गेला, पण एकाही घरातला एमसीबी (धारा वाढली की आपोआप पडणारा खटका) पडला नाही. भाच्याने दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात टेस्टर लावून पाहिला तेव्हा तो सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटला.

वायरमन आले, पॅनेल पाहून म्हणाले, "मेनचा न्यूट्रल सुटलाय, लोड आला म्हणून उडालं सगळं." माझ्या शंका दोन आहेत. आमच्याकडे एक दिवा, एक पंखा आणि टीव्ही एवढेच चालू होते. गीझर आणि इस्त्री ज्यांच्याकडे चालू होती त्यांचे काहीच बिघडले नाही, मग लोड कोणावर आला? आणि तार सुटली तर वीज बंद पडायला हवी, ती वाढली कशी?

पाऊसवेडा

सध्या दिवस पावसाळ्याचे आहेत. जवळपास कुठे वीज पडली असेल तर तारांवरून लाट येते आणि टीव्ही, राउटर हेच आधी जातात. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असेच झाले होते.

सांजवात

त्या दिवशी नुसती रिपरिप होती, गडगडाट नव्हता. शिवाय विजेच्या लाटेने काकूंची ट्यूब अर्धा तास विझलेली राहणार नाही, असे मला वाटते.

डीपीवाला

वीज वितरणाच्या कामात माझी एकतीस वर्षे गेली आणि असे प्रकार मी बरेच पाहिले आहेत. तुमच्या वायरमनने रोग अचूक ओळखला, पण कारण उलटे सांगितले. तुमच्याकडे लोड जवळजवळ नव्हताच, आणि टीव्ही गेला तो त्यामुळेच. सविस्तर लिहितो, जरा धीर धरावा.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. बोलताना आपण ‘करंट आला’, ‘लाईट गेली’, ‘व्होल्टेज नाही’ हे सारे एकाच अर्थाने वापरतो. भर दुपारी वीज गेली तरी आपल्याकडे लाईटच जाते. हिशेबाला मात्र विद्युतधारा आणि व्होल्टेज वेगळे ठेवावे लागतात. धारा तारेतून वाहते आणि ती अँपिअरमध्ये मोजतात. व्होल्टेज कुठेच वाहत नाही, ते दोन बिंदूंच्या मध्ये असते, म्हणून पाठ्यपुस्तकात त्याला विभवांतर म्हटले आहे. एका तारेचे व्होल्टेज किती, हा प्रश्नच अर्धवट आहे, कारण ते कशाच्या तुलनेत मोजायचे हे त्यात सांगितलेले नसते. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही ते याचमुळे, की त्याचे दोन्ही पाय एकाच विभवावर असतात.

आता डीपीकडे, म्हणजे वस्तीला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपाशी या. ११,००० व्होल्टचा पुरवठा तिथे येतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या तीन गुंडाळ्यांतून तीन फेज बाहेर पडतात. या तीन गुंडाळ्यांची एकेक टोके एकत्र बांधलेली असतात, तो जोडबिंदू जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला जोडतात आणि त्याच बिंदूपासून निघालेली तार म्हणजे न्यूट्रल. कोणताही फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात. कोणत्याही दोन फेजांमध्ये मात्र त्याच्या १.७३२ पट, म्हणजे सुमारे ४०० व्होल्ट असतात. तुमच्या बारा घरांपैकी साधारण चार-चार घरे एकेका फेजवर असतील, आणि बाराही घरांचे न्यूट्रल पॅनेलमधल्या एकाच पट्टीवर येऊन तिथून एका जाड तारेने डीपीला परत जात असतील.

ती जाड तार सुटली, असे समजा. तुमच्या टीव्हीतून निघालेली धारा पॅनेलच्या पट्टीपर्यंत येते आणि पुढचा रस्ता बंद असल्याचे तिला आढळते. पण त्याच पट्टीवर काकूंचा न्यूट्रलही बांधलेला आहे. त्या तारेने ती उलट काकूंच्या घरात शिरते, त्यांच्या गीझरमधून जाते आणि काकूंच्या फेजवरून डीपीला पोहोचते. तुमचा टीव्ही आणि काकूंचा गीझर एकामागोमाग एक, म्हणजे एकसर जोडणीत आले आणि त्या जोडीच्या दोन टोकांना दोन वेगळे फेज, अर्थात ४०० व्होल्ट लागले. तुमची दुसरी शंका इथे मिटते: तार तुटल्याने परिपथ तुटला नाही, त्याने दुसरी वाट धरली.

हे ४०० व्होल्ट दोघांत वाटले कसे गेले, ते ओहमने १८२७ साली मांडलेल्या नियमावरून निघते. सोयीसाठी तुमच्या घरी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि काकूंकडे २,००० वॅटचा गीझर चालू होता, एवढेच धरू. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागले की रोध मिळतो. २३० चा वर्ग ५२,९००. म्हणून बल्बचा रोध ५२९ ओहम आणि गीझरचा साधारण २६.५ ओहम. मोठ्या वॅटच्या उपकरणाचा रोध लहान असतो, ही गोष्ट बहुतेकांना पहिल्यांदा उलटी वाटते. दोन्हींची बेरीज ५५५ ओहम. ४०० भागिले ५५५ केले की ०.७२ अँपिअर धारा मिळते, आणि एकसर जोडणीत ती दोघांतूनही सारखीच वाहते. मग बल्बच्या वाट्याला ०.७२ गुणिले ५२९, म्हणजे सुमारे ३८१ व्होल्ट येतात आणि गीझरला १९ व्होल्ट उरतात. काकूंचे पाणी तापले नाही, तुमचा दिवा भडकला, यामागचे गणित एवढेच आहे. तापल्यावर बल्बच्या तारेचा रोध बदलतो आणि टीव्ही तर साध्या रोधासारखा वागतच नाही, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे असतील. पण वाटणीची दिशा हीच राहते.

एमसीबी का पडला नाही, तेही याच आकड्यांत आहे. एमसीबी धारा पाहतो, व्होल्टेज पाहत नाही. नेहमी ०.४३ अँपिअर घेणाऱ्या बल्बमधून ०.७२ अँपिअर गेली, तर सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखल घेण्याचे कारणच नाही.

प्रश्नचिन्ह

उत्तम समजावले आहे. एक मूलभूत शंका विचारतो. न्यूट्रलला टेस्टर लावला तर तो पेटत नाही, म्हणजे न्यूट्रलमध्ये करंट नसतो असे आम्ही लहानपणापासून ऐकले आहे. मग ज्या तारेत काही नाही ती सुटल्याने एवढे महाभारत का व्हावे?

खडूफळा

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि हा प्रश्न मला दरवर्षी येतो, म्हणून उत्तर देते.

न्यूट्रलमध्ये धारा असते. एका घरापुरते पाहिले तर फेजमधून जेवढी येते तेवढीच न्यूट्रलमधून परत जाते, एक थेंबही कमी नाही. परिपथाच्या कोणत्याही सांध्यात जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते, हा किर्चहॉफने १८४५ साली मांडलेला नियम आहे. टेस्टरला ती दिसत नाही, कारण टेस्टर धारा दाखवत नाही. त्याच्या काचेत निऑनचा छोटा दिवा आणि त्याच्यासोबत एकसर जोडणीत लाखो ओहमचा एक रोध असतो. आपण टोपणाला बोट लावतो तेव्हा आपले शरीर त्या परिपथाचा भाग होते आणि जमिनीच्या तुलनेत त्या बिंदूवर पुरेसे विभव असेल तरच दिवा पेटतो. आपल्यातून जाणारी धारा त्या रोधामुळे एक मिलिअँपिअरच्याही खाली राहते, म्हणून जाणवत नाही. न्यूट्रल डीपीपाशी जमिनीला बांधलेला असल्यामुळे त्याचे विभव जमिनीइतकेच, आणि म्हणून टेस्टर गप्प.

सांजवात यांच्या भाच्याला दोन्ही भोकांत टेस्टर पेटलेला दिसला तो यामुळेच. न्यूट्रलची जमिनीशी असलेली गाठ सुटली आणि चालू उपकरणांमधून फेजचे विभव न्यूट्रलच्या तारेवर येऊन बसले. घर बांधताना जोत्यापासून प्रत्येक मजल्याची उंची मोजतात. इथे जोतेच वर उचलले गेले होते. फक्त एकाच घराचा न्यूट्रल सुटला, तर त्या घरातली सगळी उपकरणे बंद पडतात आणि टेस्टर तरीही दोन्ही भोकांत पेटतो. अशा वेळी ‘लाईट नाही’ असे समजून कोणी उघड्या न्यूट्रलला हात लावला तर जोराचा झटका बसतो. जुन्या वाड्यांत फेजबरोबर न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज बसवलेला असे, आणि न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की असाच फसवा अंधार होई. न्यूट्रलला स्वतंत्र फ्यूज नको, हे त्याचमुळे.

धारा म्हणजे डीपीतून निघून धावत घरी येणारे इलेक्ट्रॉन, अशीही एक समजूत असते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून पाच अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉनांचा सरकण्याचा वेग सेकंदाला पाव मिलिमीटरच्या आसपास भरतो. त्यात आपला पुरवठा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारा, म्हणजे ते जागच्या जागीच झुलत राहतात. ते इलेक्ट्रॉन मुळात तारेतच असतात, आणि बटण दाबताच सगळे एकदम हलू लागतात.

अर्धविराम

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डीपीवाला काकांनी हिशेबात दोनच फेज घेतले आहेत, तिसऱ्याचे काय? शिवाय तिन्ही फेजांवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमध्ये धारा शून्य असते, मग तो सुटला तरी फरक पडू नये.

डीपीवाला

शंका रास्त आहे, बाळ. तिन्ही फेजांवर तंतोतंत सारखा लोड असेल, तर तिन्ही धारा पट्टीवर एकमेकींना पुसून टाकतात, परतीच्या तारेत काही उरत नाही आणि ती सुटली तरी कोणाला कळत नाही. कारखान्यातल्या तीन फेजच्या मोटरला न्यूट्रल लागत नाही, तो यामुळे. पण बारा घरांच्या इमारतीत कोण कधी गीझर लावील आणि कोण कधी दिवे घालवून गावाला जाईल, याचा काही नेम नसतो.

तिन्ही फेज घेऊन एक उदाहरण करतो. पहिल्या फेजवर ३,००० वॅट, दुसऱ्यावर १,००० आणि तिसऱ्यावर ५०० वॅट लोड आहे आणि न्यूट्रल सुटला. तिन्ही फेजांमधले १२० अंशांचे अंतर लक्षात घेऊन हिशेब केला की पट्टीचे विभव जास्त लोडच्या फेजकडे सरकते आणि पहिल्या फेजवरच्या घरांना सुमारे ११७ व्होल्ट, दुसऱ्यावरच्यांना २९० आणि तिसऱ्यावरच्यांना ३१९ व्होल्ट मिळतात. तुझ्या वहीत सदिश आकृती काढून पडताळून पाहा. अर्ध्या पानात होते.

याला आणखी एक पदर आहे आणि तो सांजवात यांच्या टीव्हीशी थेट संबंधित आहे. २३० व्होल्ट ही परिणामी किंमत, म्हणजे उलटसुलट होणाऱ्या लाटेची एका प्रकारची सरासरी. लाटेचा माथा १.४१४ पट, म्हणजे ३२५ व्होल्टला जातो. टीव्हीच्या पॉवर बोर्डवर तुपाच्या लहान डबीएवढा एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग असतो, त्याच्या अंगावर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेले असतात आणि तो या माथ्यापर्यंत भरतो. पुरवठा ३१९ व्होल्ट झाला की माथा ४५१ वर जातो, ३८१ झाला की ५३९ वर. मग त्याची वरची पत्र्याची टोपी फुगून फाटते. तुम्ही ऐकलेला फट्ट आवाज बहुधा त्याचाच असेल. टीव्ही टाकून देण्यापूर्वी दुरुस्तीवाल्याकडून बोर्ड तपासून घ्यावा. कित्येकदा तेवढ्यावर निभावते.

माजघर

आमच्या गावच्या घरी न्यूट्रल गेला होता तेव्हा तिथल्या एकाने तात्पुरती सोय म्हणून फेजबरोबर अर्थिंगची तार जोडून दिवे लावून दिले. वर्षभर ते तसेच चालले. मोरीत नळाला हात लावला की कधीकधी मुंग्या येत. डीपीवर न्यूट्रल अर्थिंगलाच बांधलेला असतो, हे वरती वाचले, तर मग ही जोडणी चुकीची का?

डीपीवाला

माजघर ताई, त्या मुंग्या म्हणजे इशारा होता, आणि तुम्ही सर्वजण सुखरूप आहात हे नशीब समजावे.

दोन्ही शेवटी जमिनीला जातात हे खरे, पण मध्ये मातीचा रोध असतो. न्यूट्रलची धातूची तार धारा थेट डीपीवर नेते, तिचा रोध ओहमच्या अंशांत मोजतात. घरामागे पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपाचा रोध उन्हाळ्यात माती सुकली की वीस ओहमवरही जातो. त्या जोडणीवर कोणी २,००० वॅटचा गीझर लावला असता, तर २६.५ आणि २० मिळून ४६.५ ओहममधून जवळपास पाच अँपिअर धारा गेली असती आणि पाच गुणिले वीस, म्हणजे शंभराच्या जवळ व्होल्ट अर्थिंगच्या तारेवर उभे राहिले असते. ती तार तुमच्या फ्रीजच्या, मिक्सरच्या, पाण्याच्या मोटरच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते. वाचवण्यासाठी बसवलेली तारच मग घरभर झटका पोहोचवते.

अर्थिंगच्या तारेतून एरवी धारा वाहताच कामा नये. फेज सुटून उपकरणाच्या पत्र्याला लागला, तर त्या धारेला माणसाच्या अंगाऐवजी सोपी वाट मिळावी, एवढ्याचसाठी ती आहे. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते; जाड ठेवलेली असते, म्हणजे ती चुकून फेजच्या भोकात जात नाही. ही पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात प्लग खुपसणारे महाभाग मी सुशिक्षित घरांतही पाहिले आहेत.

प्रश्नचिन्ह

मग प्रत्येक घराने नेमके काय बसवावे? आमच्याकडे एमसीबी आहेत आणि आरसीसीबीही आहे. तेवढे पुरेसे नाही का?

डीपीवाला

न्यूट्रल सुटण्यावर दोन्हींचा उपयोग नाही. एमसीबीचे वर लिहिलेच आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा सतत ताडून पाहतो आणि घरगुती वापराचा आरसीसीबी दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की पुरवठा तोडतो. सांजवात यांच्या घरात ०.७२ अँपिअर गेली आणि ०.७२ च परत आली, म्हणून त्याच्या दृष्टीने सारे आलबेल होते. यासाठी व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर किंवा खाली गेले की पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण मिळते, ते मीटरनंतर लगेच बसवावे.

पण म्हणून आरसीसीबी काढू नका. अर्थिंग आहे एवढ्यावर विसंबणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा: घरचे आणि डीपीचे अर्थिंग मिळून रोध ६ ओहम असेल आणि फेज गीझरच्या पत्र्याला लागला, तर धारा ३८ अँपिअर होते. ३२ अँपिअरचा मेन एमसीबी त्यावर तासाभरातही पडेलच असे नाही, आणि तोवर पत्रा जिवंत राहतो. साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून माणसाला तार सोडता येत नाही, आणि तीसच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबूनही खटका पडला नाही तर तो बदलावा.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. काल सोसायटीतर्फे पॅनेल उघडवले, तेव्हा मी मुद्दाम उभी राहिले.

वरून येणारी न्यूट्रलची तार अॅल्युमिनियमची आहे आणि पट्टी तांब्याची. त्यांच्या सांध्यावर पांढरट भुकटी साचली होती, नटाखालचा लग (तारेच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी) काळा पडला होता आणि त्याच्या जवळचे प्लॅस्टिकचे आवरण वितळून बाजूला ओघळले होते. वायरमन म्हणाले की हे दोन धातू थेट एकमेकांना भिडले की दमट हवेत सांधा कुजतो, रोध वाढतो, सांधा तापतो आणि तापून आणखी ढिला होतो. तीन फेजांचे सांधे तपासले जातात, न्यूट्रलकडे मात्र ‘त्यात काय असतं’ म्हणून कोणी पाहत नाही, असे ते स्वतःच बोलून गेले. आता दोन धातूंच्या सांध्यासाठी मिळणारा लग दाबून बसवला आहे आणि तिन्ही फेजांवरच्या घरांची यादी करून लोड थोडा सारखा वाटून घेतला आहे. काम झाल्यावर त्यांनी मीटर लावून दाखवला: २२९, २३१ आणि २२८.

टीव्हीचे म्हणाल तर डीपीवाला काकांचा अंदाज बरोबर निघाला. दुरुस्तीवाल्याने टोपी फाटलेला कपॅसिटर माझ्या हातावर ठेवला. त्यावर ४५० व्होल्ट छापले होते. काकू मात्र अजून म्हणतात की त्या दिवशी त्यांचाच गीझर बिघडला होता, आणि नवा घ्यायला निघाल्या आहेत.